पडणारे वाडे, उभे वाडे

मराठी साहित्यातला वाडा सहसा पडण्यासाठीच बांधलेला असतो. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ साली विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून तर सुशिक्षित मराठी मनात वाडा म्हणजे ऱ्हास हे समीकरण पक्के होऊन बसले आहे. धरणगावकर देशपांड्यांच्या त्या वाड्यात कर्ता पुरुष गेलेला आहे, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, पिढीजात दागिन्यांवर साऱ्यांची नजर आहे आणि वाड्याची डागडुजी करण्याची ताकद व इच्छा कुणातच उरलेली नाही. गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ घ्या, गावाबरोबर घर विझत जाते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळी’त तर वाडे १९४८ च्या जाळपोळीत भस्मसात होतात. या तिन्ही कलाकृती थोर आहेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु तिन्हींचा एकत्रित संस्कार वाचकाच्या मनावर असा होतो की वाड्याला दोनच गती आहेत, एक तर कोसळणे, नाही तर जळणे. तिसरी गती लेखकांना फारशी सुचली नाही. प्रत्यक्ष महाराष्ट्रात मात्र ती अनेक वाड्यांना लाभलेली आहे, आणि तिची दखल आपल्या समीक्षेने घ्यावयास हवी असे मला वाटते.

तिसरी गती म्हणजे वाड्याने कामाला लागणे. धनी बदलतो, नाव बदलते, चौकात निवडल्या जाणाऱ्या धान्याच्या जागी पाटी-दप्तरे येतात, पण जोते तेच राहते आणि खांबही तेच.

हा प्रश्न आज सर्वांत निकडीचा कुठे असेल, तर तो पुणे-नगर रस्त्यावरच्या गावांत. रांजणगाव हे त्यांतले ठळक उदाहरण. पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवरचे हे गाव महागणपतीमुळे अष्टविनायकांच्या वाटेवर फार पूर्वीपासून आहे. १९९० च्या दशकापासून ते औद्योगिक वसाहतीसाठीही ओळखले जाऊ लागले. रांजणगाव, कारेगाव, ढोकसांगवी या गावांच्या जिरायत रानांत शीतकपाटांचे, धुलाईयंत्रांचे, मोटारींचे कारखाने उभे राहिले. जिथे बाजरी आणि मटकी निघत होती तिथे पाळ्यांचे भोंगे वाजू लागले. शेतकऱ्यांच्या हाती मोबदल्याचा पैसा आला, गावकुसाबाहेर रस्त्यालगत सिमेंटची घरे झाली, आणि भाड्याने द्यायच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा उठल्या. विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली तरुण माणसे त्यांत राहतात. गावठाणातला जुना वाडा मधल्या मध्ये रिकामा झाला. त्याची कुणालाच गरज नाही आणि पाडण्याची घाई मात्र सर्वांना आहे.

हा वाडा म्हणजे पेशवे सरदारांचा सातचौकी राजवाडा नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. शिरूर-दौंड भागातला शेतकरी वाडा साधा असतो. काळ्या दगडाचे जोते, त्यावर कमरेइतकी दगडी भिंत, वर पांढऱ्या मातीचे किंवा कच्च्या विटांचे बांधकाम. दिंडीदरवाजातून आत शिरले की ढेलज, तिथे पाहुण्याने टेकायचे आणि राखणदाराने झोपायचे. मग चौक. चौकाभोवती ओसरी, एका अंगाला गोठा, समोर सोपा, त्यामागे अंधारे आणि थंड माजघर, देवघर, स्वयंपाकघर, शेवटी परसू आणि आड. धान्यासाठी भिंतीत बळद, जमिनीखाली पेव. छप्पर माळवदाचे: लाकडी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर किलचा, त्यावर पालापाचोळा आणि वर चांगली हातभर माती. पाऊस बेताचा पडतो अशाच मुलखात हे छप्पर टिकते. कोकणात कुणी माळवद घातले तर पहिल्याच श्रावणात ते गळ्यात येईल. ज्याला आपण ‘गावंढळ बांधणी’ म्हणून हिणवतो ती या मातीचा आणि या उन्हाचा पुरता हिशेब मांडून केलेली असते.

या रचनेचे एक वैशिष्ट्य आमच्या वास्तुविशारदांनी जितके सांगावे तितके सांगितलेले नाही. जुनी माणसे घर खोल्यांत मोजीत नसत, खणांत मोजीत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फुटांचे. घर पाच खणी, सात खणी, नऊ खणी असे सांगितले जाई. भिंतीपेक्षा खांबाला महत्त्व देणारी ही पद्धत असल्यामुळे मधली भिंत काढली, घातली, सरकवली तरी वरचे छप्पर बहुधा डगमगत नाही. घरात लग्न निघाले की सोपा आणि पडवी एक होत, भावाभावांत वाटणी झाली की चौकातच कूड घातला जाई. आजच्या परिभाषेत ज्याला लवचिक वास्तू म्हणतात ती हीच. एका कुटुंबाच्या चार पिढ्यांना पुरलेला हा चौक पन्नास मुलांच्या अभ्यासाला, कामगार स्त्रियांच्या पाळणाघराला किंवा गावच्या वाचनालयाला पुरणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

शिरूर तालुक्याला या विषयात मोठी परंपरा आहे, हे तालुक्यातल्याच पुष्कळांना माहीत नसते. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांची वस्ती तिथे उजेडात आली, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, गावच्या प्रमुखाचे असावे असे पाच खोल्यांचे घर, त्याला लागून धान्याचे कोठार, पाण्यासाठी काढलेला पाट. उत्तरकाळात हवामान कोरडे झाले आणि चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, असे संशोधकांनी दाखवले आहे. म्हणजे या नदीच्या काठी घर हा शब्द तीन हजार वर्षांपूर्वीही सुबत्तेबरोबर पसरत होता आणि दुष्काळाबरोबर आक्रसत होता. आजचा विरोधाभास असा की सुबत्ता वाढली आणि तरीही प्रशस्त घर सोडून माणूस दहा बाय दहाच्या खोल्या बांधीत सुटला, कारण खोलीला भाडे येते, चौकाला येत नाही.

आता उभ्या वाड्यांकडे वळू. शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यात वाफगाव येथे होळकरांची गढी आहे. यशवंतराव होळकरांचा जन्म १७७६ साली येथे झाला असे मानले जाते. या गढीत रयत शिक्षण संस्थेची शाळा कित्येक दशके भरली. ज्या बुरुजांनी घोडेस्वारांवर पहारा केला त्यांच्या आत धनगरांची, मराठ्यांची, मागासवर्गीयांची मुले पाढे म्हणू लागली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या संस्थेला इमारतीसाठी थांबणे कधी परवडलेच नाही, मिळेल त्या आश्रयाला तिने शाळा मानले. मला येथे पुन्हा एलकुंचवारांच्या नाटकाची आठवण होते. त्या वाड्यातल्या प्रभाला शिकायचे होते आणि त्या घराने तिला शिकू दिले नाही. रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते, हे त्याच घराने शिक्षणाशी केलेल्या व्यवहाराचे दुसरे टोक. वाडा शिक्षणाचा शत्रू म्हणून नाटकात उभा आहे, आणि नाटकापुरते ते सत्यच आहे. परंतु वाफगावच्या गढीने शेकडो मुलामुलींना अक्षर दिले. दगडामातीला जात नसते, जुलूमही नसतो. तो आत राहणाऱ्यांचा असतो. आत राहणारे बदलले की तीच भिंत दुसरी भाषा बोलते. हे नाट्यपूर्ण नाही म्हणून त्यावर नाटक झाले नसावे.

अर्थात वाफगावची कथा गुळगुळीत नाही. ही वास्तू ऐतिहासिक स्मारक म्हणून जपली जावी की शाळा म्हणून वापरात राहावी, यावरून अलीकडच्या वर्षांत बराच वाद झडला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. शाळेला स्वच्छतागृह हवे, प्रयोगशाळा हवी, विजेच्या तारा हव्यात, आणि या गरजांपोटी जुन्या भिंतीत खिळे, पत्रे आणि सिमेंट शिरतात. मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला मेणकापडात गुंडाळण्यासारखे आहे. भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही, आतल्या आत माती सुटते, आणि दहा-पंधरा वर्षांनी गिलावा भिंतीसकट खाली येतो. मग लोक म्हणतात, जुनी भिंत, ती पडायचीच. ती पडली ती दुरुस्तीमुळे, हे कुणी पाहत नाही. दुसऱ्या बाजूला, कुलूप लावून फलक ठोकलेले स्मारकही फार दिवस उभे राहत नाही. माळवदावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माती टाकून ते चोपावे लागते. रोजचा चुलीचा धूर लाकडाला कीड लागू देत नाही. रिकाम्या वाड्यात हे कोण करणार? माझे मत विचाराल तर वापर आणि जतन यांतले भांडण खोटे आहे. भांडण आहे ते जाणता वापर आणि अडाणी वापर यांच्यात.

पुण्याचा विश्रामबागवाडा याची साक्ष देईल. दुसऱ्या बाजीरावाने विलासासाठी बांधलेल्या या वाड्यात पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांत, १८२१ साली, इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा सुरू केली. १८७९ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग गेला. जे उरले त्यात पुढे नगरपालिकेची कचेरी आली, टपालघर आले. विलासासाठी झालेली वास्तू लोकांच्या कामासाठी वापरली गेली म्हणून त्यातले सुरूचे कोरीव खांब आजही पाहावयास मिळतात. याच काळात बांधलेले किती तरी वाडे, ज्यांना कचेरीचे भाग्य लाभले नाही, ते आज केवळ पेठांच्या नकाशावर आहेत.

याउलट दिनकर केळकरांचा प्रयत्न पाहा. कवी ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणाऱ्या या गृहस्थांनी आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ आपल्याच वाड्यात संग्रहालय उभे केले. दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये यांनी वाडा भरून टाकला आणि तो संग्रह पुढे शासनाला अर्पण केला. वाड्याचा यापेक्षा सुंदर उत्तरार्ध कल्पिता येत नाही. परंतु त्याच संग्रहालयात कोथरूडहून आणलेला मस्तानीमहाल आहे, तिथे मात्र मी थबकतो. खांब तेच, नक्षी तीच, तरीही तो महाल आता वस्तू झाला आहे, वास्तू राहिलेला नाही. ज्या बागेकडे त्याची खिडकी उघडत होती ती बाग कोथरूडातच राहिली. केळकरांनी तो हलवला नसता तर तो राहिलाच नसता, हे मान्य केले पाहिजे. मस्तानीची कबर आपल्या शिरूर तालुक्यातच, पाबळला आहे. ती हलवावी असे सुदैवाने कुणाला सुचले नाही.

शिरूरच्या लोकांनी नव्या वापराची एक विलक्षण तऱ्हा शोधून काढली होती, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. इंग्रज छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ साली शिरूरला वारला. त्याच्या थडग्याला आसपासच्या शेतकऱ्यांनी ‘सतपुरुष’ मानले आणि सुगीचे पहिले धान्य तिथे वाहू लागले. परक्या सेनाधिकाऱ्याचे थडगे गावच्या दैवतांत सामावून घेणाऱ्या लोकांना आपल्याच आजोबांच्या सोप्याचे काय करावे हे सुचू नये, याचे नवल वाटते. रांजणगावच्या महागणपतीचे देऊळ तरी काय सांगते? गाभाऱ्याच्या कामाशी माधवराव पेशव्यांचे नाव जोडले जाते, सभामंडपाशी इंदूरच्या सरदार किब्यांचे. प्रत्येक पिढीने जुन्याला हात न लावता आपली भर घातली.

दौंड तालुक्यातल्या केडगावचे उदाहरण या मालिकेत ठेवताना थोडी सावधगिरी बाळगली पाहिजे. पंडिता रमाबाईंनी १८९० च्या दशकात केडगावला शंभर एकर जमीन घेतली ती शारदासदनाला फळबागेचे उत्पन्न मिळावे म्हणून. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या आणि शेताचे आश्रयस्थान झाले, तेच मुक्तिसदन. तिथे जुना वाडा नव्हता. तंबू होते, झोपड्या होत्या, आणि मग इमारती बांधाव्याच लागल्या. शेकडो मुलींना निवारा हवा असताना ‘नवे बांधू नका’ असा उपदेश करणे क्रूरपणाचे ठरले असते. पण रमाबाईंनी क्रम कसा लावला ते पाहण्याजोगे आहे: आधी माणसे, मग काम, मग भिंती. आपल्याकडे आज हा क्रम नेमका उलटा झाला आहे. आधी भवनाची कोनशिला, मग उद्घाटन, आणि मग भवनात काय करायचे याची चर्चा.

ही टीका दुसऱ्यांवर करून आपण ख्रिस्ती मंडळींनी सुटण्याचे कारण नाही. आपल्या धर्मग्रामांतही जुनी शाळा, जुना फादरबंगला, एखाद्या कुटुंबाने चर्चला दिलेले शेतघर यांच्याविषयी पहिला विचार येतो तो पाडण्याचा. जयंतीवर्ष आले की नवे सभागृह हवेच. वस्तुतः आपल्या परंपरेची सुरुवात याच्या उलट आहे. सीरियातील ड्यूरा-युरोपस या नगरीत १९३० च्या दशकात उत्खननात सापडलेले प्रार्थनागृह हे आजवर उजेडात आलेल्या अतिप्राचीन ख्रिस्ती प्रार्थनागृहांपैकी एक होय. ते मुळात एक साधे राहते घर होते, मध्ये चौक आणि भोवती खोल्या. इसवी सन २४० च्या सुमारास तिथल्या भाविकांनी दोन खोल्यांमधली भिंत काढली, साठ-सत्तर माणसे बसतील एवढी जागा केली, एका लहान खोलीत स्नानसंस्काराचे कुंड बांधले आणि तिच्या भिंतींवर मेंढपाळाचे व येशूच्या चमत्कारांचे चित्रण केले. बस्स. बाहेरून ते घर घरासारखेच दिसत राहिले. २५६ साली नगरी पडली. वेढ्याच्या काळात तटाला बळकटी यावी म्हणून लोकांनी ही घरे मातीने भरून टाकली होती, म्हणून ती चित्रे वाचली. चौक, ओसरी आणि एक काढलेली भिंत, एवढ्यावर एक ख्रिस्तसभा उभी होती. रांजणगावच्या वाड्यात आणि या घरात नकाशापुरता फरक फार थोडा आहे.

गोव्यातील सांता मोनिकाचा मठ हे अधिक भव्य उदाहरण. १६०६ ते १६२७ या काळात बांधलेला हा मठ शेवटची जोगीण १८८५ साली निवर्तल्यावर ओस पडला, मध्यंतरी सैनिकांच्या ताब्यात गेला. १९६४ पासून तिथे मातेर देई ही धर्मभगिनींची शिक्षणसंस्था आली, आणि राशोलच्या सेमिनरीत सुरू झालेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय २००२ साली त्याच्या आवारात हलवले गेले. इतकी मोठी वास्तू पेलण्यासाठी पुष्कळ पैसा आणि तज्ज्ञ लागतात, खेड्यातल्या वाड्याला ते लागत नाहीत. म्हणून या उदाहरणावर मी अधिक रेंगाळत नाही.

जगातही वारे फिरले आहे. वास्तुकलेतले अत्यंत मानाचे प्रिट्झकर पारितोषिक २०२१ साली आन लाकातों आणि झाँ-फिलिप वासाल या फ्रेंच जोडीला मिळाले. पाडायचे नाही, आहे त्यात भर घालायची, हे त्यांचे व्रत. १९९६ साली बोर्दो शहराने त्यांना एक चौक सुशोभित करण्यास सांगितले. त्यांनी तो पाहिला, रहिवाशांशी बोलले आणि कळवले की चौक सुंदर आहे, खडी बदला, झाडांची निगा राखा, बाकी काही करू नका. असा अहवाल आपल्याकडे एखाद्या विशारदाने दिला, तर त्याचे मानधन निघेल की नाही याची शंका वाटते.

इथेच खरी मेख आहे. रांजणगावसारख्या ठिकाणी वाडा वाचत नाही याचे कारण सौंदर्यदृष्टीचा अभाव हे थोडेच आहे. पहिले कारण भाऊबंदकी. गावठाणातले घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर एका नावावर दिसते आणि हक्कदार निघतात सोळा. त्यांतले चार पुण्याला, दोन मुंबईला, एक बोलतच नाही. विकायला सह्या मिळत नाहीत आणि दुरुस्तीला पैसे निघत नाहीत, म्हणून वाडा पडू देणे हाच एकमताचा ठराव होतो. अशा वाड्याला विकत घेण्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांच्या नोंदणीकृत भाडेकरारावर घेणे सोपे पडते. मालकी भावांचीच राहते, तुळई बदलण्याचा खर्च वापरणाऱ्या संस्थेचा. दुसरे कारण निधीचे. आमदार निधीतून सभामंडप होतो, समाजमंदिर होते, कारण त्याची फीत कापता येते. किडकी तुळई बदलल्याची फीत कशी कापणार? तिसरे कारण कारागिरांचे. चुन्याची घाणी फिरवणारा, माळवद चोपणारा, सुताराच्या वाकसाने खांबाला जोड देणारा माणूस गावात उरलेला नाही. तो शोधून त्याच्या हाताखाली दोन तरुण द्यावे लागतील, आणि त्यांना कारखान्यातल्या कंत्राटी मजुरीपेक्षा कमी रोज देऊन चालणार नाही.

वापर निवडतानाही वाड्याचा स्वभाव ओळखला पाहिजे. ध्वनिवर्धक लावून लग्नसमारंभ करायला चौक लहान आणि लाकूड जुने आहे. ते मंगल कार्यालयातच व्हावे. माजघराचा गारवा आणि अंधार पाळण्यातल्या मुलांना मानवतो, रात्रपाळी करून आलेल्या आईला घटकाभर झोपू देतो. ओसरीवर उजेड चांगला असतो, तिथे अभ्यासिका. ढेलजेत वर्तमानपत्रे ठेवली की गावची म्हातारी मंडळी आपोआप येऊन बसतात, राखणदार वेगळा नेमावा लागत नाही. गोठ्याची जागा स्वच्छतागृहाला द्यावी, तिथला उतार आणि पन्हळ मूळचेच पाण्यासाठी असतात, आणि मुख्य भिंतींना ओल लागत नाही. बळद तसेच ठेवावे, मुलांना आत डोकावू द्यावे. वीज खांबाला खिळे न ठोकता नळीतून न्यावी. आणि भिंतीला ऑइलपेंट कुणी कितीही फुकट दिला तरी लावू नये.

खर्चाचा अंदाज विचारणाऱ्यांना एवढेच सांगता येईल की तो वाड्यागणिक वेगळा असतो आणि सारे अवलंबून असते ते माळवदाच्या स्थितीवर. तुळया टोकाला, भिंतीत जिथे रुततात तिथे, आधी कुजतात. पाहणीला जाणाऱ्याने नक्षीदार चौकटीकडे नंतर पाहावे, आधी शिडी लावून त्या टोकांत टोच्या घालून पाहावे. टोच्या सहज आत गेला तर तेवढी तुळई बदलायची. नाही गेला तर मृगापूर्वी वरची माती चोपून घ्यायची आणि पन्हळी मोकळ्या करायच्या. रांजणगावला पाऊस तसा थोडाच, पण येतो तो एकदम.